झेफिरीनमावशीच्या चवीच्या पत्त्या

मारियामातेच्या मिरवणुकीत, सगळं गाव टोप्या काढून उभं असताना, बँडमास्तर ब्रेमाँ यांच्या ओठाला गांधीलमाशी चावली ती माझ्यामुळे. माशी माझ्या ओळखीची नव्हती, एवढंच मला माझ्या बाजूने सांगता येईल.

झालं असं की झेफिरीनमावशीच्या पडवीत दोन खोकी शेजारीशेजारी ठेवलेली होती. एकात मास्तरांच्या क्लॅरिनेटच्या साध्या पत्त्या, दुसऱ्यात पोरांच्या वर्गासाठी पीचच्या रसात मुरवलेल्या. पत्ती म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाला बसवतात ती बोरूची पातळ चपटी काडी. फुंकर लागली की ती थरथरते आणि सूर निघतो. मात्र वाजवण्याआधी ती तोंडात धरून भिजवावी लागते. मी त्या सकाळी पडवी झाडली, खोकी उचलली, परत ठेवली आणि मास्तरांच्या घरी भलतंच खोकं पोचवलं.

पाद्रीबाबांचा आशीर्वाद संपला. मास्तरांनी पत्ती तोंडात धरली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. नंतर ते म्हणाले, की सकाळचा मुरांबा मिशीला राहिला असेल असं त्यांना वाटलं. वाजवायला लागले तर ऑगस्टचं ऊन, वर पीचचा वास. माशी आली, मिशीवरून चालत ओठापर्यंत गेली आणि तिथे तिने आपलं मत नोंदवलं. मास्तरांच्या क्लॅरिनेटमधून त्या दिवशी जो सूर निघाला तो आमच्या गावात आजवर कुणी ऐकलेला नाही. आता आमच्याकडे रिवाज असा, की क्लॅरिनेट वर चढलं की मूर्ती खांद्यावर घेतलेल्यांनी पाऊल उचलायचं. सूर जितका वर, तितकं पाऊल जोरात. मारियामाता निघाली ती जवळजवळ धावतच. पाद्रीबाबा मागून धापा टाकत, झगा सावरत. म्हातारी मंडळी म्हणाली, "बऱ्याच वर्षांनी मिरवणुकीत जान आली बुवा."

संध्याकाळी मास्तर पडवीत हजर. वरचा ओठ पिकल्या अंजिरासारखा. मी लगेच सांगून टाकलं की खोकी मी बदलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कारखान्यात बोरूचे तुकडे करणारा आणि कामाच्या आधी-नंतर मावशीकडे लुडबुडणारा मी. माझ्यावर चिडणं त्यांना कमीपणाचं वाटलं असणार.

"झेफिरीनबाई," ते म्हणाले, आणि सुजलेल्या ओठामुळे प्रत्येक शब्दाबरोबर शिट्टी वाजत होती, "ही वाद्यं आहेत. मिठाईचं दुकान नव्हे."

"बसा मास्तर. ओठावर व्हिनेगर लावू का?"

"व्हिनेगर नको! चवच नको कुठली! या चवीच्या पत्त्या बंद. पोरं माझ्या वर्गात वाजवायला येत नाहीत, चोखायला येतात."

"येतात ना पण? आधी कोण यायचं तुमच्या वर्गात? तो एक नोटरीचा ओनोरे. तोही आई दारात छत्री घेऊन उभी राहायची म्हणून."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मास्तरांना जास्त झोंबलं.

"सप्टेंबरची जत्रा येतेय," ते म्हणाले. "द्राक्षांची तोडणी, गावभर गांधीलमाश्या. तुमची ही साखरेची सेना नाचाचा फारांदोल वाजवायला उभी राहील आणि पहिल्याच ओळीत चौक सोडून पळेल."

"नाही पळणार."

"पैज?"

"पैज," मावशी म्हणाली, आणि एप्रनला हात पुसून पुढे केला. "एकदा धून सुरू झाली की शेवटापर्यंत थांबणार नाही. थांबली, तर माझी सगळी पातेली विहिरीत आणि जन्मभर साध्या पत्त्या. नाही थांबली तर?"

"तर मी कॅफेसमोर, सगळ्या गावादेखत, तुम्ही द्याल त्या चवीची पत्ती लावून वाजवीन."

"मी देईन त्या चवीची हं. ऐकलंस ना रे गास्पार?"

मी ऐकलं. दोघांनी हात मिळवले, मी वरून हाताची सुरी मारून पैज पक्की केली. मास्तर शिट्ट्या वाजवत गेले.

ही पैज मावशीला महागात पडू शकते हे तिला कळत होतं. कसं, ते सांगायचं तर तिची थोडी गोष्ट सांगायला हवी.

झेफिरीन इसनारचा जन्म नदीकाठच्या बोरूच्या बेटाला लागून असलेल्या घरातला. बाप बोरू तोडणारा. आमच्याकडे बोरू हिवाळ्यात, उतरत्या चंद्रात तोडतात. तसा तोडला तर कीड लागत नाही म्हणे. चढत्या चंद्रात तोडला तर काय होतं ते कुणी पाहिलेलं नाही, कारण तशी हिंमतच कुणी केलेली नाही. तोडलेला बोरू उभा रचून वाळवायचा, मग कांड्या करून उन्हात पसरायच्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, म्हणजे सगळीकडून सोनेरी होतात. लहानपणी हे फिरवायचं काम मावशीचं. आई आपल्यालाही त्यांच्याबरोबर फिरवत असे, म्हणून आपण सगळ्या बाजूंनी सारख्या सावळ्या आहोत, असं ती सांगते. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं.

पुढे ती गावच्या पत्तीच्या कारखान्यात लागली ती केस पांढरे होईपर्यंत. कांड्या निवडायच्या, वाकड्या बाजूला, सरळ पुढे. नवरा पोस्टमन. सायकलवरून शिट्टी घालत यायचा, तेवढंच त्या घरातलं संगीत. तो गेल्यावर तेही थांबलं. मावशी स्वतः बेसूर आहे, म्हणजे नुसती बेसूर नाही, देवळात तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या लोक अदबीने मोकळ्या सोडतात. जगातल्या कितीतरी वाजवणाऱ्यांच्या तोंडात तिच्या हातून गेलेला बोरू असेल. पण तिला कुठल्या धुनेचं काय नाव ते आजही सांगता येत नाही. हवामान, राजकारण, मासे शिजवणं आणि माझं लग्न या विषयांवर मात्र ती ठामपणे बोलते आणि बहुतेक वेळा चुकते.

कारखाना सुटल्यावर ती घरी बसली आणि दोन महिन्यांत शेजारणींनी तिला काहीतरी काम द्या म्हणून नवस बोलायचं तेवढं बाकी ठेवलं. तिने टाकाऊ कांड्या आणल्या, पडवीत सुऱ्या मांडल्या, पत्त्या तासायला लागली. त्याच सुमाराला तिची नात पेलाजी मास्तरांच्या वर्गात गेली आणि पहिल्याच दिवशी थुंकत घरी आली.

"आजी, ही पत्ती जुन्या खराट्यासारखी लागते."

"पत्ती काय खायची असते?"

"तू खाऊन बघ मग."

आणि आयुष्यभर पत्त्या केलेल्या बाईने त्या दिवशी पहिल्यांदा एक पत्ती तोंडात धरली. ती बराच वेळ चोखत बसली. मग म्हणाली, "खराटाच आहे की गं."

तिथून सुरुवात. पहिला प्रयोग साखरेच्या पाकाचा. पेलाजीचे ओठ पत्तीला चिकटले आणि घरात थोडा वेळ शांतता पसरली. पेलाजीच्या आईने हा प्रयोग यशस्वी धरला होता. मग मावशीने पाक सोडला, संत्र्याच्या फुलांचं पाणी घेतलं. पत्तीचा पातळ भाग नुसता त्यात बुडवायचा, सावलीत वाळवायचं, परत बुडवायचं. मग चेरी, पुदिना, पीच. पेलाजी शाळेत पत्ती चोखत बसली तेव्हा बाकीची पोरं मागे लागली. नोटरीच्या ओनोरेची आई छत्री घरी ठेवून यायला लागली. मास्तरांचा वर्ग भरला. संध्याकाळी चौकातून सूर यायचे. चांगले नसायचे, पण असायचे. आणि झेफिरीनमावशी, जिला त्यातलं काही कळत नव्हतं, खिडकी उघडी टाकून वाटाणे सोलत ऐकत बसायची. पैज हरली तर ती खिडकी पुन्हा गप्प होणार होती. तेवढ्यासाठी तिची झोप उडाली होती.

मास्तर पैज लावून गेले त्याच दिवशी तिने मला समोर बसवलं.

"आता पोरांना आवडेल आणि माशीला आवडणार नाही अशी चव पाहिजे. खोकी तू बदललीस ना? मग चोखायचं तू."

"मावशी, मी काय माशी आहे?"

"अक्कल तेवढीच आहे. बस."

स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज एक बशी. बशीत पत्ती. तिने बशी मांडायची आणि मी पडद्यामागून माश्या बघायच्या. मग तीच चव पोरांपुढे. दोन्ही परीक्षक एकमेकांइतकेच कडक.

लवंगेला माशी फिरकली नाही. पण ओनोरेने पत्ती तोंडात घातली, खुर्चीत मागे रेलला आणि 'आ' करून डोळे मिटले, बाकीची पोरं "दाताचा डॉक्टर! दाताचा डॉक्टर!" म्हणून ओरडली. लॅव्हेंडरला गांधीलमाशी आली नाही, मधमाश्या मात्र भाऊबंदांसकट आल्या, आणि पोरांचं म्हणणं पडलं की कपाट चाटल्यासारखं वाटतं. लिंबाने तर कहर केला. एकाने पत्ती चोखली की बघणाऱ्या सगळ्यांच्या तोंडाला पाणी. क्लॅरिनेटमधून मोरी तुंबल्यासारखा आवाज यायला लागला. बडीशेपेची चव, म्हणजे आमच्याकडच्या दारूचीच, कॅफेतल्या म्हाताऱ्यांना इतकी पसंत पडली की त्यांनी एक खोकंच मागितलं. वाद्य कुणाकडेच नव्हतं. पोरांच्या आयांनी मात्र पत्तीचा वास घेतला, आपापल्या नवऱ्याकडे बघितलं आणि खोकं परत केलं.

"खारवलेल्या माशाची करून बघू या?" मी एकदा म्हणालो. ही माझी एकुलती एक सूचना. त्या दिवशी माश्या आल्या, मुंग्या आल्या आणि शेजारचं मांजर बशीसकट गेलं.

जत्रा जवळ आली तशी मावशी चिडचिडी झाली. एका सकाळी ती बशी ठेवायला खिडकीशी गेली आणि हात तसाच अर्ध्यावर राहिला.

"गास्पार, ही कुंडी रोज कोण बाजूला करतं?"

"मी. बशीला जागा पाहिजे ना."

"आणि ही कुंडी इथे कशाला ठेवलीय?"

"माश्या येऊ नयेत म्हणून."

तिने मला ज्या शिव्या दिल्या त्यातल्या निम्म्या स्वतःला होत्या, असं ती नंतर म्हणाली. कुंडीत बेसिल होता, आमच्याकडची तुळशीची नटवी बहीण. गावातल्या प्रत्येक खिडकीत हाच पाला असतो, माश्या घरात नकोत म्हणून. आणि उन्हाळ्यात प्रत्येक घरात शेंगांच्या सूपात हाच कुटून घालतात. आम्ही रोज उत्तर उचलून बाजूला ठेवत होतो आणि त्याच्या जागी प्रश्न मांडत होतो.

बेसिलच्या बशीकडे माशी आली, वळली, गेली. पोरांनी पत्त्या चोखल्या.

"सूप!" ओनोरे म्हणाला. "आजी, पाव आहे?"

पेलाजी मात्र अडून बसली. तिला पीच हवा होता. मावशीने तिला समजावलं, धमकावलं, शेवटी जत्रेत टरबूज हवं तेवढं खायची परवानगी दिली तेव्हा ती तयार झाली. ही परवानगी म्हणजे काय घोटाळा आहे ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

जत्रेचा दिवस. चिनारांच्या सावलीत लांबच लांब टेबलं. खारवलेला मासा, उकडलेले बटाटे, गाजरं, अंडी, आणि दगडी खलात लसूण आणि तेल घोटून केलेला अयोली, ज्याच्याशिवाय जत्रेला जत्रा म्हणत नाहीत. तो खाल्ल्यावर सगळं गाव एकमेकांशी तोंड थोडं वळवून बोलतं. मग टरबुजं फुटली, द्राक्षं आली, अंजिराचे केक आले, आणि त्यांच्या मागोमाग माश्या आल्या.

पोरं चौथऱ्यावर उभी राहिली. मास्तर समोर, आपलं क्लॅरिनेट काखेत, बोट वर. ओठ आता पूर्ववत होता, पण माशी जवळून गेली की ते नकळत मिशी झाकत होते. मावशी पहिल्या रांगेत, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"हात का गं दाबून ठेवलेस?" मी विचारलं.

"मोकळे ठेवले तर मी उठून माशी मारीन आणि धून थांबवल्याचं पाप माझ्याच डोक्यावर येईल. गप्प बस."

फारांदोल सुरू झाला. पहिली ओळ ठीक. दुसरी ओळ त्याहून ठीक. लोक उठून हात धरून साखळीने नाचायला लागले. माश्या केकवर होत्या, टरबुजावर होत्या, महापौरांच्या टकलावर एक होती; पोरांच्या पत्त्यांकडे एकही नाही. मावशीची मान हळूहळू ताठ व्हायला लागली.

मग एक माशी पेलाजीकडे निघाली. पत्तीकडे नव्हे. हनुवटीकडे. हनुवटीवर टरबुजाचा रस चमकत होता.

माशी हनुवटीवर बसली. पेलाजीने वाजवणं सोडलं नाही. तोंडात पत्ती, म्हणून ओरडता येईना. हात वाद्यावर, म्हणून हाकलता येईना. तिने फक्त डोळे खाली वळवले, दोन्ही नाकाच्या शेंड्याकडे. आणि ते तिरळे डोळे ओनोरेने पाहिले.

हसू आलेल्या माणसाने क्लॅरिनेट वाजवू नये. ओनोरेच्या वाद्यातून बदक ओरडलं. ते ऐकून शेजारचीचं बदक. मग तिच्या पलीकडच्याचं. एकेक पोरगं वाद्य खाली घेऊन पोट धरायला लागलं, सूर पातळ होत गेला, आणि शेवटी एकटी पेलाजी राहिली, तिरळी, लाल, एकाग्र. नाचणाऱ्यांची साखळी हळू झाली. मावशीचे डोळे मिटले होते, ओठ हलत होते. तिला प्रार्थना येत नाहीत हे मला माहीत आहे. बहुधा ती माशीलाच काहीतरी सांगत होती.

माशी उडाली. पेलाजीने हायसं वाटून भलामोठा श्वास सोडला. तो क्लॅरिनेटमध्ये नाही, बाहेर.

आता धून थांबणार, थांबलीच, असं वाटतंय तेवढ्यात तोच सूर पुढे आला. गोल, मोठा, कुठेही न फाटलेला. मास्तरांचं क्लॅरिनेट तोंडाशी होतं. वाजवायचं ठरवून त्यांनी उचललं असेल असं मला वाटत नाही. भोक पडलेलं दिसलं की शिंप्याचा हात सुईकडे जावा, तसा त्यांचा हात गेला. ते वाजवत राहिले, डोळ्यांनी पोरांना दटावत राहिले, आणि एकेक पोरगं डोळे पुसत परत धुनेत चढलं. ओनोरे शेवटी. शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून वाजवली, थोडी पळत, पण सगळ्यांनी. साखळी तुटली नाही.

टाळ्या संपायच्या आत भांडण सुरू झालं. नोटरीसाहेब म्हणाले, पोरं थांबली, म्हणजे बाई हरल्या. कॅफेवाला म्हणाला, धून थांबली नाही, म्हणजे मास्तर हरले. महापौर दोन्ही बाजूंनी बोलले, त्यांना सवय आहे.

"मास्तर, तुम्हीच सांगा," कुणीतरी ओरडलं.

मास्तरांनी क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती पुसली. "पैज धुनेची होती. धून थांबली नाही. मी हरलो."

"अहो, पण वाजवलीत तुम्हीच!" नोटरीसाहेब म्हणाले.

"मग काय, पडू देऊ?" मास्तर भडकले. "फारांदोल आहे तो! लोक नाचत होते!"

  झेफिरीनमावशीने मांडीखालचे हात काढले, ते पांढरे पडले होते, ते चोळत ती मास्तरांजवळ गेली.

"धून थांबलेली ऐकवली नाही ना तुम्हाला?"

"नाही ऐकवली."

"मलाही नाही. आणि मला तर त्यातलं काही कळत नाही." हात चोळतच ती म्हणाली, "मग पोरं येऊ देत ना वर्गाला? पत्त्यांसकट?"

"येऊ देत. पण हनुवट्या धुऊन."

पोरांनी इतका गलका केला की उरलेल्या माश्याही गेल्या. मग मावशीला पैजेची बाकी आठवली. ती खुर्चीवर चढली, मी खुर्ची धरली, आणि तिने जाहीर केलं की मास्तरांच्या पत्तीची चव आपण ठरवली आहे. अयोली. लसूण, तेल, सगळं.

मास्तर पांढरे पडले, पण मान हलवली. शब्द म्हणजे शब्द.

त्याला आता बरेच दिवस झाले. द्राक्षं केव्हाच उतरली, चिनारांची पानं गळून चौकात पसरली. पोरं बेसिलवरून परत चेरीवर आली आहेत. अयोलीची पत्ती मात्र अजून झालेली नाही. लसूण पत्तीत मुरतो, पण कडू होतो. तेल तर वाळतच नाही. पत्ती ओठांतून मासोळीसारखी निसटते. मावशी घोटते, बुडवते, दोरीला टांगते, दुसऱ्या दिवशी शिव्या देत काढते. मला चाखायला लावते, म्हणून माझ्या लग्नाचा विषय तिने सध्या बाजूला ठेवला आहे.

मास्तर प्रामाणिक माणूस. डोक्यावर राहिलेलं देणं त्यांना झोपू देत नाही. वर्ग सुटला की ते रोज पडवीत येतात, टोपी काढतात, दारातूनच विचारतात.

"आज?"

"आज कुठलं! तेल वाळलंय का बघा तुम्हीच."

ते दोरीवरच्या पत्तीला बोट लावतात, बोट हुंगतात, सुस्कारा टाकतात. मग मावशी कॉफी ठेवते, ते खुर्ची ओढून पोरांच्या पत्त्या तासायला बसतात, आणि अंधार पडेपर्यंत दोघं हवामानावर भांडतात.

काल मी म्हणालो, "मावशी, तेलाऐवजी नुसत्या लसणाची का करत नाहीस? दोन दिवसांत होईल, मास्तर मोकळे होतील."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पुन्हा एकदा मांजराला बशी देऊन बसलो होतो.

"तुला कुणी विचारलं?" ती म्हणाली, आणि कॉफीचा दुसरा पेला विसळायला घेतला. मास्तरांची यायची वेळ झाली होती.